बादगीराचं तोंड

६ ऑगस्ट १९५७, मंगळवार

रबियाला पत्रात नेहमी चांगलं तेवढंच लिहितो. खरं कुठे लिहायचं म्हणून ही वही. आज ऑफिसच्या खोलीत पारा एकशे दहावर होता. नकाशाच्या कागदावर घामाचे थेंब पडून शाई पसरते, म्हणून मनगटाला फडकं बांधून रेघा ओढतो. राहतो ती कुवेतच्या मुरगाब वस्तीतली खोली याहून वाईट आहे. नवीकोरी, सिमेंटची, वर सपाट स्लॅब. दुपारी भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याला लावल्यासारखा चटका बसतो. अशा खोलीत रबियाला आणि फातिमाला कसं आणणार? फातिमा दोन महिन्यांची झाली. मी तिला अजून पाहिलेलं नाही.

आज साहेबाने एका घराचं काम माझ्या टेबलावर टाकलं. एका म्हाताऱ्या कुवेती नाखव्याला गावाबाहेर घर बांधायचं आहे. साहेबाला असल्या किरकोळ कामात रस नाही. मला आहे. वर्षभर दुसऱ्याच्या रेघा गिरवल्यावर पहिल्यांदाच माझ्या रेघा ओढायला मिळणार.

१० ऑगस्ट, शनिवार

नाखव्याला सगळे बू यूसुफ म्हणतात. यूसुफचा बाप. पाऊणशे वर्षांचा असेल, पण पाठ ताठ. तरुणपणी लाकूड आणायला मुंबई-मलबारला जायचा, त्यामुळे मुंबईची हिंदी फाडफाड बोलतो. मी कुठला हे विचारलं. दाभोळ म्हटल्यावर हसला. दाभोळच्या खाडीत एकदा सुकाणू मोडलं म्हणून बारा दिवस अडकला होता, आणि तिथल्या माशाच्या सालन्याची चव अजून जिभेवर आहे म्हणाला. मला म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली.

त्याचं जुनं घर रस्त्यासाठी सरकार घेणार आहे. तो म्हणाला, नवं घर बांध, पण आधी जुनं बघ. बायकांना आत जायला वेळ मिळावा म्हणून आम्ही दारात मोठ्याने खाकरलो आणि मग आत गेलो.

आत गेलो आणि काय सांगू! बाहेर एकशे चौदा. मी पिशवीत थर्मामीटर नेलं होतं. चौकाभोवतीच्या ओवरीत अठ्ठ्याण्णव. त्यामागच्या बैठकीच्या खोलीत ब्याण्णव. मला वाटलं थर्मामीटर बिघडलं, म्हणून बाहेर जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे चौदा. तीनदा आत-बाहेर केलं तेव्हा बू यूसुफ म्हणाला, ‘चौथी बार चाय पी के जाना.’

पंखा नाही, वीज नाही. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, बाहेरच्या बाजूला एकही खिडकी नाही, सगळं घर आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेलं. आणि बैठकीच्या डोक्यावर गच्चीतून वर गेलेला एक चौकोनी मनोरा, त्याला एकाच बाजूला उभ्या फटी. त्याला बादगीर म्हणतात. वारा वरून पकडायचा आणि भिंतीतल्या पोकळीतून खाली सोडायचा. खाली वाट बघत मातीचे पाझरणारे मोठे माठ. वारा त्यांच्या अंगावरून खोलीत येतो. मी त्या पोकळीखाली उभा राहिलो आणि माझ्या घामाने भिजलेल्या सदऱ्यात शहारा आला. ऑगस्टमध्ये. कुवेतमध्ये.

२४ ऑगस्ट, शनिवार

जुन्या घराची मापं घेतोय. आज एक शोध लागला. सगळ्या खोल्यांची रुंदी सारखी, साडेआठ-नऊ फूट. वाटलं काही रिवाज असेल. छताकडे पाहिलं तेव्हा कळलं. आफ्रिकेच्या खाडीतून आणलेल्या चंदलच्या, म्हणजे खारफुटीच्या, खांडांचं छत आहे आणि खांडं तेवढीच लांब असतात. झाड जेवढं वाढतं तेवढी खोली रुंद. इथे एक झाड उगवत नाही, आणि घराचं माप तीन हजार मैलांवरच्या झाडाने ठरवलेलं!

बादगीरही नीट पाहिला. फटी समुद्राच्या दिशेने आहेत. मला लगेच पटलं. आमच्याकडे घराची पडवी समुद्राकडे करतात ते काय उगाच? वारा समुद्रावरून येतो, हे दाभोळच्या शेंबड्या पोराला कळतं. ठळक अक्षरांत टिपून ठेवलं आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवी जमीन सलवाच्या किनाऱ्यावर आहे. शहरापासून लांब, वाळू आणि मासे पकडायचे कुंपणाचे सापळे, बाकी काही नाही. विजेच्या तारा अजून तिथे पोचलेल्या नाहीत. समुद्र पूर्वेला, दारासमोर.

बू यूसुफने आज अट घातली. त्याची मुंबईची पत्रं इंग्रजीत लिहून द्यायची, आणि त्या बदल्यात बाहेरच्या चौकातल्या दोन खोल्या माझ्या. बायको-मुलीसाठी. माझे डोळे भरून आले. वर म्हणाला, दोन बादगीर बांधायचे आहेत ना, पहिला तुझ्याच खोलीवर बांध. तुझ्या बीबीने एक उन्हाळा काढला की मग माझ्या बैठकीवरचा. केवढा मान दिला माणसाने! मालकाच्या आधी माझ्या घरात वारा.

२ फेब्रुवारी १९५८, रविवार

बांधकाम सुरू होऊन महिना झाला. गवंडी उस्ताद नूरी, पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरचा. जुन्या घराचा बादगीर त्याच्या बापाने बांधला होता म्हणतात. लिहिता-वाचता येत नाही, नकाशा उलटा धरला तरी त्याला फरक पडत नाही. पण भिंतीवर हात फिरवून कुठे पोकळ आहे ते सांगतो. हिंदी तोडकीमोडकी. मला ‘मुहंदिस’ म्हणतो, म्हणजे इंजिनिअर. मी इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला ड्राफ्ट्समन, पण कुणी म्हटलं तर दुरुस्त करत नाही.

आज बादगीराची जागा आखली. उस्तादने विचारलं, ‘मुँह किधर, मुहंदिस?’ मी नकाशा दाखवून म्हटलं, समुद्राकडे. थोड्या वेळाने दोरी गुंडाळताना पुन्हा तेच. मी पुन्हा समुद्राकडे बोट दाखवलं. जेवायच्या वेळी रोटी तोडता तोडता तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी जरा आवाज चढवला. वय झालं की माणसाला ऐकू कमी येतं.

९ मार्च, रविवार

रबियाचं पत्र. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या आत मेमध्ये मुंबईला भावाकडे जाऊन राहील आणि जुलैअखेर आगबोटीने निघेल. आईने फातिमासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली आहे, आणू का, असं विचारते. वाचून दाखवलं तर खोलीतल्या बदरुद्दीनला इतकं हसू आलं की तो खाटेवरून उठून बसला. तो आमच्याच गावचा, अहमदीला तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, हवा कशी असते ते त्याला माहीत. मी लिहिलं, या भट्टीत गोधडी काय करायची, त्यापेक्षा कोकम आण. आणि हेही लिहिलं की तुझ्यासाठी मी हवेचा मनोरा बांधतोय. ‘माझा मनोरा’ असं दोनदा लिहिलं. लिहून झाल्यावर जरा लाज वाटली, पण खोडलं नाही.

२९ मार्च, शनिवार

रोजे चालू आहेत. उन्हात उस्ताद पाण्याचा थेंब न घेता मनोऱ्यावर चढलेला असतो आणि मी सावलीत उभा राहून त्याच्याशी भांडतो. आज भांडणाचं कारण असं. पूर्वेच्या फटी माझ्या नकाशाप्रमाणे केल्या आहेत. पण वायव्येच्या, वाळवंटाकडच्या भिंतीत त्याने एक कमान काढून तिच्यात विटा नुसत्या रचून ठेवल्यात. आत चुना नाही, वरून मातीचा पातळ हात. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, ‘रहने दो. बाद में देखेंगे.’ रोज्यात हात चालत नसतील, समजू शकतो. पण मग तसं सांगावं. शिवाय पोकळीत एक लाकडी झडप उभी करून विसरला आहे, बिजागरी आणि दोरीसकट. उचलायला सांगितली तर ऐकलं न ऐकलं केलं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी मनोरा पूर्ण झाल्यावर वर चढून पाहिलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जिथवर नजर जाईल तिथवर सपाट वाळू, आणि मध्ये मातीच्या रंगाचं आमचं घर, जणू जमिनीनेच जरा अंग वर केलंय. इतकं सुंदर काही माझ्या नकाशातून निघेल असं वाटलं नव्हतं. मी उस्तादला तसं म्हटलं. तो खाली बघत हात धूत राहिला.

१४ जून, शनिवार

उस्ताद गेला. उन्हाळ्याचे तीन महिने तो आपल्या गावी जातो. जाताना खोलीत आला, पोकळीखालच्या खड्ड्यात चार माठ स्वतः बसवले. मी म्हटलं, एवढे माठ रोज भरणार कोण? तो हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मुहंदिस, दीवार नाराज नहीं होती. तोड़ दो तो भी नहीं.’ काय सांगायचं होतं देव जाणे. बू यूसुफचं कुटुंब मागच्या चौकात राहायला आलं. मीही खाट टाकली आहे. वाळवंटाकडून कोरडा वारा सुटलाय, दिवसभर वाळू उडते. खोली ठीक आहे. फार गार नाही, पण समुद्राचा वारा सुटला की होईल.

३ ऑगस्ट, रविवार

आली. दोघी आल्या. होडीतून उतरताना रबियाचा चेहरा आगबोटीच्या प्रवासाने उतरलेला, कडेवर फातिमा. मी हात पुढे केले तर पोरीने भोकाड पसरलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. साहजिक आहे. चौदा महिने बाप म्हणजे तिच्यासाठी एक पाकीट होतं. मी तिच्या पायाचा अंगठा तेवढा धरून ठेवला आणि गाडीत वाटभर सोडला नाही.

रबियाने ट्रंक उघडली तर सगळ्यात वर गोधडी. मी नको लिहिलं होतं म्हटलं. ती म्हणाली, आईने शिवलेली गोष्ट मागे ठेवून निघता येतं काय?

७ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस समुद्राचा वारा चालू आहे. मी ज्याची वाट बघत होतो तोच. इथे त्याला कौस म्हणतात. बादगीरातून सरळ खोलीत येतो आणि ओल्या कापडासारखा अंगाला चिकटतो. भिंतींना पाणी सुटलंय. मीठ वितळलं. उशा ओल्या. माठातलं पाणीसुद्धा कोमट. थर्मामीटर सत्त्याण्णव दाखवतं, पण एकशे चौदा परवडलं असतं. फातिमाच्या अंगभर घामोळ्या उठल्यात. ती रडते, आणि रडून रडून दमली की नुसती कण्हते. उम्म यूसुफ, म्हाताऱ्याची बायको, दिवसातून दोनदा येऊन तिला मेंदीच्या पानांच्या पाण्याने पुसते. तिच्या खोलीत नेऊन ठेव म्हणते, पण तिथेही तेच.

११ ऑगस्ट, सोमवार

पोरीला ताप. शहरातल्या डॉक्टरने घामोळ्या पिकल्यात म्हणून मलम दिलं आणि मुलीला कोरड्या जागी ठेवा म्हणाला. कोरडी जागा! मी सहा महिने खपून बांधली ती ही जागा.

रबिया ओरडली नाही, ते जास्त लागलं. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. म्हणाली, ‘माजं काय नाय, मी काढीन दिवस. पण पोर नाय काढायची. अठरा तारखेच्या बोटीनं मी तिला परत नेते.’ मी म्हटलं वारा बदलेल. ती म्हणाली, ‘तुमचा मनोरा तुमी ठेवा.’

तिने ते चिडून म्हटलं नव्हतं. पण ‘माझा मनोरा’ मीच लिहिला होता, दोनदा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बू यूसुफ आला. दारात खाकरला, रबिया आत गेली. त्याने भिंतीवर बोट फिरवून ओलं झालेलं बोट पाहिलं, मग बादगीराखाली उभा राहून वर पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, मी तर तुमच्या जुन्या घरासारखाच बांधला, तंतोतंत.

त्याने विचारलं, ‘मेरा पुराना बादगीर किधर देखता था?’

मी म्हटलं, समुद्राकडे.

‘नहीं. शिमाल को. समंदर तो बीच में आ गया था.’

शिमाल म्हणजे उत्तर-वायव्येचा कोरडा वारा. जूनभर वाळू उडवत होता तोच. जुन्या गावात समुद्र उत्तरेला, म्हणून बादगीराचं तोंड समुद्राकडे दिसत होतं. सलवाला समुद्र पूर्वेला. मी दाभोळ डोक्यात घेऊन फिरत होतो. कोरडा वारा माठाच्या ओल्या अंगावरून गेला तरच गार होतो, आणि समुद्रावरचा वारा आधीच ओला, तो माठाचं पाणी कसं पिणार? शाळेत बाष्पीभवन शिकलो, परीक्षेत लिहिलं, आणि इथे विसरलो.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत? म्हातारा म्हणाला, उस्तादने तीनदा विचारलं होतं म्हणतात. दर्यावर तीनदा विचारतात, चौथ्यांदा नाही. आणि नवा माणूस चुकणारच, म्हणून तर पहिला बादगीर तुझ्या खोलीवर बांधायला सांगितला.

आणि मी त्याला मान समजलो होतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसला दांडी. हातोडा-छिन्नी घेऊन सकाळी मनोऱ्यावर चढलो. वायव्येच्या कमानीवरचा मातीचा हात नखाने खरवडला तरी निघाला. आतल्या विटा मोकळ्या. छिन्नी लागलीच नाही, पुस्तकं कपाटातून काढावीत तशा हाताने एकेक काढल्या. समोर उघडं वाळवंट.

मग त्याच विटा पूर्वेच्या फटींत रचायला घेतल्या. एकही तोडावी लागली नाही. शेवटची वीट शेवटच्या फटीत बसली तेव्हा हातात काही उरलं नव्हतं आणि भिंतीत भोक उरलं नव्हतं. उस्तादने मोजून ठेवल्या होत्या. झडप वायव्येच्या कमानीत उभी केली, बिजागरी आधीच ठोकलेल्या खुंट्यांत अलगद बसली. दोरी पोकळीतून खाली सोडली ती थेट माझ्या खाटेच्या उशाशी आली. वाळूचं वादळ असेल तर झोपल्या जागेवरून ओढायची.

मी त्याला आळशी लिहिलंय या वहीत, बहिरा लिहिलंय. पानं मागे उलटून पाहिली. खोडणार नाही, राहू दे. पण वर त्या मनोऱ्यात बसून मी रडलो, हेही लिहून ठेवतो. रोज्यात, उन्हात, तो माझ्या चुकीचं उत्तर बांधत होता आणि वरून माझं ओरडणं ऐकत होता. एवढं मोठं मन आणि एवढे नेमके हात एका माणसात असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

वारा नाही. पान हलत नाही, पण हलायला इथे पानही नाही. रबियाने ट्रंक भरायला घेतली. मी बोटीचं तिकीट काढून आणलं. फातिमा आता मला ओळखते, माझं बोट धरून झोपते. सोमवारी तेही संपणार.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुपारी अडीचच्या सुमारास आधी झडप वाजली. मग दोरी हलली. मी माठांत पाणी भरत होतो, तसाच थांबलो. पोकळीतून आधी धुळीचा वास आला, मग हवा उतरायला लागली. एकदम नाही, कुणी पायऱ्या मोजत खाली यावं तशी. माठांवरून येऊन पायाला लागली आणि मला जुन्या घरातला तो शहारा आठवला. रबिया ट्रंकेशी बसली होती. तिने मान वर केली, पदर चाचपला. मी भरलेली कळशी हळूच खाली ठेवली, आवाज झाला तर वारा जाईल असं वाटत होतं.

चार वाजता बाहेर एकशे बारा, खोलीत नव्वद. भिंत सुकली. फातिमा उघडीच चटईवर झोपली होती, आठ दिवसांत पहिल्यांदा न कण्हता. रबियाने तिच्या पोटाला हात लावून पाहिला, मग उठली, भरलेली ट्रंक उघडली, तळाशी हात घालून गोधडी काढली आणि पोरीच्या अंगावर घातली.

म्हणाली, ‘गार लागतंय तिला.’

मग जरा वेळाने, ‘बरा बांधलाव मनोरा.’

मी म्हटलं, माझा नाही. उस्ताद नूरीचा. आणि मग तिला सगळं सांगितलं, पहिल्या पानापासून. ती ऐकत ट्रंकेतले कपडे एकेक करून खुंटीला लावत होती.

२० सप्टेंबर, शनिवार

उस्ताद परत आला. सरळ गच्चीवर गेला, पूर्वेच्या फटींतल्या माझ्या विटांवर हात फिरवला, एक जरा आत ठोकली. बाकी काही नाही. मी माफीचं भाषण हिंदीत पाठ केलं होतं. त्यातली दोन वाक्यं झाली असतील तेवढ्यात रबियाने आतून चहा पाठवला आणि फातिमा गोधडी फरफटत त्याच्या पायाशी येऊन बसली. त्याने गोधडीचा टाका बोटांनी पाहिला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. चांगलं असावं.

बू यूसुफने बैठकीवरच्या मोठ्या बादगीराचा नकाशा मागितला आहे. कागद घेऊन उस्तादच्या समोर बसलो. त्याने सवयीने विचारलं, ‘मुँह किधर, मुहंदिस?’

मी पेन्सिल त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

म्हणाला, ‘ऊपर चलो. शाम तक बैठते हैं.’

आम्ही संध्याकाळपर्यंत वारा अंगावर घेत गच्चीवर बसलो. कागद खालीच राहिला.